डिस्कस मासे घ्यायचेत, हजार रुपये टोकन देऊन बसलोय. सातारकरांनो, पुढं काय करू?

माहुलीचा_घाट | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय बघितलं तेव्हापासून घरात फिश टँक हवा होता. यंदा दिवाळीला बोनसमधून आणला. अडीच फूट लांब, सव्वा रुंद, सव्वा उंच. तळाला रंगीत खडी, दोन प्लास्टिकची झाडं आणि उघडमीट करणारी खजिन्याची पेटी (पोरीचा हट्ट). पाणी भरून आज नववा दिवस. आत अजून एकही मासा नाही.

रविवारी दुकानात डिस्कस बघितले आणि खलास. पुरीएवढे गोल, लाल-निळे, आणि फिरणं असं की देवळात प्रदक्षिणा घालतायत. दुकानदार म्हणाला नर-मादीची जोडी देतो, अडीच हजार, पुढं पिल्लंपण देतील. मी हजार रुपये टोकन देऊन आलो. येत्या रविवारी आणायचेत.

घरी सांगितलं तर बायकोनं लगेच मोबाईल काढला. आता ती म्हणते याला हीटर लागतो, पाणी ३० डिग्रीला ठेवावं लागतं. आप्पा म्हणाले, "कृष्णेतल्या चिलापीला कुणी हीटर लावलेला आजवर बघितला नाही."

नळाला सकाळी तासभर पाणी येतं, बाकी वापराला बोअर. आणू का नको? आणले तर काय तयारी लागेल?

फुकट_सल्ला | ३ नोव्हेंबर, रात्री १०.२५

बसलो वाटाणे-फुटाणे घेऊन.

जुना_मासेवाला | ३ नोव्हेंबर, रात्री ११.०२

आणू नका. टोकन गेलं तर जाऊ द्या.

बोगद्यापलीकडची | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

मासेवाले काका नेहमीप्रमाणे एका ओळीत निकाल देऊन झोपायला गेले. मी जरा सविस्तर लिहिते. सहा वर्षं डिस्कस पाळतेय, साताऱ्यातच.

आधी त्या 'जोडी'बद्दल. तीन इंची डिस्कसमध्ये नर कुठला, मादी कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. ज्यांना जोडी हवी असते तेसुद्धा सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवतात आणि मोठी झाल्यावर त्यांची त्यांना जोडी लावू देतात. तेव्हा दुकानदारानं दिलेली नर-मादी म्हणजे चिठ्ठी टाकून ठरवलेलं लग्न आहे.

दुसरं, दोन डिस्कस कधीच आणू नका. हा कळपातला मासा. दोनच असले की त्यातला एक दादा होतो आणि दुसऱ्याला खाण्याजवळ फिरकू देत नाही. दुसरा कोपऱ्यात काळा पडून उभा राहतो आणि महिन्याभरात जातो. मग उरलेला एकटा बिथरतो. निदान पाच, खरं तर सहा पाहिजेत. म्हणजे दादागिरी वाटली जाते.

आता सहा मासे अडीच फुटात मावत नाहीत. तुमचा टँक हिशेबानं ११० लिटरचा, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर नव्वदच धरा. पूर्ण वाढलेला डिस्कस सहा-सात इंचांचा होतो आणि एकेकाला ४० लिटर तरी पाणी लागतं. म्हणजे चार फूट बाय दीड बाय दीड, साधारण २५५ लिटर. स्टँड, काच, पाणी मिळून साडेतीनशे किलोच्या घरात जातं. टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. लोखंडी अँगलचं स्टँड करून घ्या.

माहुलीचा_घाट | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

ताई, शोकेसवरच ठेवलाय हो. आता दर दहा मिनिटांनी खाली वाकून बघतोय.

हळदीचा_सौदा | ४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

सांगलीहून बोलतोय. आप्पांना म्हणावं, मुद्दा बरोबर पण नातं लांबचं. चिलापी आणि डिस्कस एकाच खानदानातले, दोघंही सिक्लिड. चिलापी आफ्रिकेतली, आपल्याकडं १९५२ ला आणली आणि तिनं सगळी धरणं पादाक्रांत केली. गटारात टाका, जगते. डिस्कस ॲमेझॉनचा. तिथलं पाणी बारा महिने कोमट, पालापाचोळ्यानं चहासारखं काळपट, आणि क्षार जवळजवळ नाहीतच. म्हणून याचे नखरे.

माया मात्र दोघांचीही बघण्यासारखी. चिलापीची मादी अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते. डिस्कसचे आई-बाप दोघंही अंगावर एक चिकट स्राव तयार करतात आणि पिल्लं सुरुवातीला त्यावरच जगतात. आईच्या अंगाला चिकटून खातात, ती दमली की बापाकडं जातात. एकदा बघितलं की टँकपुढून उठवत नाही, जेवण गार होतं.

तारेवरचा_मिरजकर | ४ नोव्हेंबर, दुपारी २.०५

आमच्या घरात बाप पोरांना दमला की आईकडं पाठवतो. असो. वाचतोय.

जुना_मासेवाला | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४८

नऊ दिवसांचं पाणी म्हणजे कच्चं पाणी. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विष, तिसरं पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे. त्यांना अन्न म्हणून अमोनिया लागतो. रिकाम्या टँकमध्ये नऊ दिवस नुसतं मोटर फिरवून काही तयार होत नाही. रोज चिमूटभर खाणं टाका, कुजू दे. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय, असं झालं की मग बोला.

पट्टीवाली किट घेऊ नका.

बोगद्यापलीकडची | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

काकांना आज दहा ओळी लिहिताना बघून भरून आलं.

माहुलीभाऊ, माझ्या चालू फिल्टरचा एक जुना स्पंज तुम्हाला देते. ओल्या पिशवीत घरी नेऊन लगेच तुमच्या फिल्टरमध्ये टाका. जिवाणूंचं विरजण आहे ते. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येईल. फक्त नळाच्या पाण्याखाली धुऊ नका, क्लोरीननं सगळं मरेल.

माहुलीचा_घाट | ५ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

विरजण! हे घरात सगळ्यांना एका झटक्यात कळलं. आई म्हणाली, मग थंडीत नीट लागत नसणार. बरोबर का?

पाण्याचा प्रश्न राहिलाच. नळ का बोअर? आरओ बसवावा लागेल का? टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पेनासारखं मीटर मागवलं. बोअर ६८०, नळ १४०.

बोगद्यापलीकडची | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

आईंना नमस्कार सांगा, अगदी बरोबर. गारठ्यात हे जिवाणू आळसावतात. हीटर २८ ला लावून मगच विरजण टाका.

नळाला १४० असेल तर आरओच्या भानगडीत पडू नका. आरओ जेवढं शुद्ध देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी मोरीत सोडतो, आणि आठवड्याला दोनशे लिटर लागणार असेल तर उन्हाळ्यात शेजारणी बोलणं बंद करतील. दुकानात मिळणारे डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांमध्येच जन्मलेले असतात. नदीतून पकडलेल्या डिस्कसला लागतं तसं आम्लधर्मी पाणी त्यांना लागत नाही. पीएच साडेसहा ते साडेसात, टीडीएस दोनशेच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे रोज तेच. पीएच कमी करायच्या बाटल्या आणून आज सहा, उद्या साडेसात असं कराल तर मासा त्या चढउतारानंच जाईल.

आता माझा घोटाळा ऐका. आमच्या पेठेत कासचं पाणी. इंग्रजांच्या काळात बांधलेला तलाव, जांभ्याच्या पठारावरचं पावसाचं पाणी, माझ्या मीटरवर चाळीसच्या आत. मला वाटलं लॉटरी लागली, ॲमेझॉनच घरी आलं. पण इतक्या मऊ पाण्यात पीएच धरून ठेवणारा क्षारच नसतो. फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते मारायला काही नाही. दोन आठवडे परगावी होते, पाणी बदललं गेलं नाही, येऊन बघते तर पीएच पाचच्या खाली. एवढ्या आम्लात जिवाणूही काम टाकतात. मासे वरवर श्वास घेत होते. तेव्हापासून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवते. तो हळूहळू विरघळतो, पीएच सावरून धरतो. तुमच्या १४० च्या पाण्यात तो लागेलच असं नाही, पण महिन्यातून दोनदा पीएच मोजा.

फुकट_सल्ला | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

म्हणजे आमच्या बोअरवाल्यांनी फक्त फोटो बघायचे?

बोगद्यापलीकडची | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.५२

पावसाचं पाणी साठवा आणि बोअरमध्ये मिसळा. नाहीतर गप्पी पाळा, त्यांना जड पाणी मानवतं.

हळदीचा_सौदा | ५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

नळाचं पाणी घेणार असाल तर क्लोरीन विसरू नका. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सढळ हातानं पडते, ग्लासातल्या पाण्यालाही वास येतो. ड्रममध्ये भरून एअर पंपाचा दगड टाकून २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरायचे तेच खडे. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून बाटलीत मिळतं ते बहुतेक याचंच पाणी असतं.

आणि ड्रममधल्या पाण्यातही हीटर टाकून २८ ला आणूनच बदला. डिसेंबरात सकाळचं गार पाणी थेट ओतलं तर आपण अंघोळीला बसल्यावर कुणी मागून घागर ओतावी तसं होतं.

हीटरबद्दल अनुभव. एक मोठा घेण्याऐवजी दीडशे वॅटचे दोन घ्या. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट चिकटतो. चालूच राहिला तर सकाळी मासे उकडलेले. दोन असले तर एक चिकटला तरी पाणी उकळायच्या आत तुमच्या लक्षात येतं, एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. वर एसटीसी-१००० नावाचा तापमान कंट्रोलर लावा. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोल. बिल वाढतं, हिवाळ्यात मला महिन्याला पन्नास-साठ युनिट जास्त येतात. आधीच घरात सांगून ठेवा, मागून कळलं तर वाईट.

तारेवरचा_मिरजकर | ५ नोव्हेंबर, रात्री ८.४५

आणि लाईट गेली तर?

हळदीचा_सौदा | ५ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ते विचारलंस म्हणून लिहितो, एरवी लिहायचं टाळतो.

ऑगस्ट २०१९, पूर. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही पण लाईट चार दिवस नव्हती. माझ्याकडं तेव्हा सात डिस्कस, चार वर्षांचे. बॅटरीवरचा एअर पंप होता, मोटारसायकलच्या बॅटरीवर पाळीपाळीनं चालवला. टँकवर दोन गोधड्या टाकल्या. खाणं पूर्ण बंद ठेवलं, उपाशी मासा घाणही कमी करतो. पाणी २४ पर्यंत उतरलं, मासे काळवंडले, पण सातही जिवंत. चौथ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आनंदानं फिल्टरचा स्विच मारला.

तिथंच चुकलं. कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यात चार दिवस पाणी हललं नव्हतं. आतले जिवाणू हवेवाचून मेले, कुजले. स्विच मारताच ते सगळं काळं, अंड्यासारखा वास येणारं पाणी टँकमध्ये. सकाळपर्यंत पाच गेले.

पुरात तगलेले मासे मी लाईट आल्यावर मारले. तेव्हा फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर आधी डबा उघडा, पाणी फेका, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, मग चालू करा. आता मी हवेवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टरच वापरतो. दिसायला गबाळे, पण बॅटरीवरही चालतात.

बोगद्यापलीकडची | ५ नोव्हेंबर, रात्री १०.३३

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं, दादा.

जुना_मासेवाला | ५ नोव्हेंबर, रात्री ११.२०

तीस डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मुरतो. वीस डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तीसला साडेसात. म्हणून हवेचा पंप डिस्कसला दुप्पट महत्त्वाचा. सौदाकर बरोबर सांगतायत.

निवड कशी करायची ते लिहितो.

दुकानात जाल तेव्हा दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. जो धावून येत नाही तो घ्यायचा नाही. "आत्ताच खाल्लंय" म्हणाला तर दोन तासांनी परत जा. डोळा बघा. अंगाच्या मानाने डोळा मोठा वाटला तर तो मासा लहान नाही, खुरटलेला आहे, पुढं वाढणार नाही. अंग गोल हवं, लांबट नको. कपाळ समोरून बघा, खपाटीला गेलेलं असेल तर आतड्यात जंत किंवा हेक्सामिटा नावाचा परजीवी. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तरी तेच. एकाच बाजूचा कल्ला हलतोय तर कल्ल्यात कृमी. पिजन ब्लड जातीत अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके येतात, तो आजार नाही. गडद बॅकग्राउंड लावली की जास्त येतात. तीन इंची मासा भडक रंगाचा असेल तर संशय घ्या. रंग वयाबरोबर भरतो, हार्मोन चारून आधी आणता येतो आणि मग उतरतो.

मुंबई-चेन्नईहून कालच पार्सल आलं असेल तर आठवडाभर दुकानातच राहू द्या. सहाही एकाच लॉटमधले, एकाच दिवशी घ्या. नंतर एकेक वाढवू नका. वेगळ्या ठिकाणचे डिस्कस दिसायला ठणठणीत असले तरी एकमेकांना आजार देतात आणि दोन्हीकडचे आडवे होतात.

माहुलीचा_घाट | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

काका, प्रिंट काढून खिशात ठेवतोय.

लहान घ्यावेत का मोठे? दुकानात तीन इंची साडेबाराशे, मोठे पाच इंची तीन हजाराच्या पुढं.

जुना_मासेवाला | ६ नोव्हेंबर, रात्री १०.५५

मोठे. कमी घाण, कमी पाणी बदलणं, चूक सोसतात.

बोगद्यापलीकडची | ७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

इथं काकांशी माझं पटत नाही. शिकाऊ माणसानं अठरा-वीस हजार एकदम पाण्यात घालू नयेत, शब्दशः. अडीच इंचाच्या खाली नको, ते कामाचं नाही. पण साडेतीन इंची सहा घेऊन रोज तीन-चार वेळा थोडं थोडं खाऊ घाला, आठवड्यातून तीनदा चाळीस टक्के पाणी बदला. होतं ते. नोकरी करून मी केलंय. हां, ज्याला पाणी बदलायचा कंटाळा आहे त्यानं काकांचं ऐकावं.

खाण्याबद्दल: परदेशात बैलाचं हृदय दळून देतात. मी सोललेली कोळंबी, वाफवलेला पालक आणि चिमूटभर लसूण मिक्सरला फिरवून पातळ थरात फ्रीझ करते, बरोबर डिस्कसचे दाणे. फ्रीझरमधला तो डबा पाहुण्यांनी एकदा चटणी म्हणून काढला होता. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स किडे मात्र कितीही आवडीनं खाल्ले तरी देऊ नका, निम्मे आजार तिथून येतात.

आणि काच साफ करायला म्हणून तो सकर मासा गळ्यात मारतील. घेऊ नका. रात्री तो डिस्कसच्या अंगाला चिकटून वरचा स्राव खातो, जखमा होतात. एंजलही नको, गोल्डफिश तर नाहीच, त्याला गार पाणी लागतं. सोबतीला कार्डिनल टेट्रा किंवा स्टर्बाय कोरी चालतात.

जुना_मासेवाला | ७ नोव्हेंबर, रात्री ११.१०

खडीही काढा. मोकळा तळ ठेवा, घाण दिसते, ओढून घेता येते.

बोगद्यापलीकडची | ८ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

पातळ वाळू आणि एक लाकूड चालतं. घर आहे, दवाखाना नाही.

जुना_मासेवाला | ८ नोव्हेंबर, रात्री ११.०१

सहा महिन्यांनी बोलू.

माहुलीचा_घाट | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

दुकानदाराला भेटून आलो. वाद घालायची तयारी करून गेलो होतो, पण गडी भला निघाला. खाणं टाकायला सांगितलं, दोनातला एक खालीच बसून राहिला. तो स्वतःच म्हणाला, "हा नको न्यायला." टोकनच्या बदल्यात दोन हीटर आणि एक स्पंज फिल्टर दिला, वर दीडशे घेतले. अडीच फुटी टँकमध्ये पोरीसाठी गप्पी सोडणार. चार फुटीची ऑर्डर दिली, दहा एमएम काच, स्टँड वेल्डिंगवाल्याकडून. बायको म्हणाली, टीव्ही आता कुठं ठेवायचा ते या धाग्यावर विचारा.

फुकट_सल्ला | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३४

गप्पीशेजारी.

माहुलीचा_घाट | ७ फेब्रुवारी, रात्री १०.००

मंडळी, धागा वर काढतोय.

ताईंचं विरजण लागलं. हीटर २८ ला, रोज चिमूट खाणं. अठराव्या दिवशी नायट्राइट शून्य झालं, तरी काकांच्या धाकानं पूर्ण सहा आठवडे थांबलो. जानेवारीत पुण्याहून साडेतीन इंची सहा आणले, एकाच लॉटमधले, सगळे समोर खाताना बघून. थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरून. खंबाटकीत दीड तास अडकलो. आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवायला सांगितलं होतं म्हणून पिशवीतलं पाणी स्वच्छ राहिलं. घरी आल्यावर मी चमच्या-चमच्यानं टँकचं पाणी पिशवीत घालणार होतो, ताईंनी फोनवर थांबवलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं पीएच उतरलेला असतो, त्यामुळं साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवलं, उघडली, जाळीनं मासे पटकन टँकमध्ये, पिशवीचं पाणी मोरीत.

तीन दिवस सहाही कोपऱ्यात, काळे. कुणी खाईना. मी दोन रात्री झोपलो नाही. चौथ्या दिवशी आप्पा खुर्ची टाकून पेपर वाचत बसले तर एकेक करून पुढं आले. आता रोज सकाळी आप्पा बसल्याशिवाय खात नाहीत. पाणी बदलायची पाळीही त्यांनीच घेतलीय, चिलापीचं नाव काढत नाहीत. अंगणातल्या बदामाची वाळलेली पानं धुऊन टाकतात, पाणी चहासारखं झालंय.

एक अडचण. सगळ्यात लहान जो आहे तो खातो, पण इतरांपेक्षा कमी, आणि काल विष्ठा पांढरी दिसली. कपाळ अजून भरलेलं आहे. मेट्रोनिडॅझोल द्यायचं का?

जुना_मासेवाला | ७ फेब्रुवारी, रात्री ११.१५

एकदाच दिसली तर नाही. त्याला वेगळ्या टाकीत घ्या, तापमान ३१-३२, हवा जोरात, तीन दिवस बघा. पांढरीच राहिली तर व्यनि (खासगी निरोप) करा, पाण्याच्या मापानं डोस सांगतो. सगळ्या टँकमध्ये औषध ओतू नका.

खडी काढली का?

माहुलीचा_घाट | ८ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

काढली. खजिन्याची पेटी मात्र काढू दिली नाही.

बोगद्यापलीकडची | ८ फेब्रुवारी, सकाळी ७.२५

फोटो?

माहुलीचा_घाट | ८ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

मोबाईल धरला की सगळे पेटीमागं जातात. रविवारी आप्पांच्या हातात देऊन बघतो.